तीन जुने कागद जोडले की शोध 'सहज सुचण्याजोगा' ठरतो? पण ते जोडायचे का, हे कोण सांगणार?

तिरपी_नळी

नमस्कार मंडळी. इथे पेटंटचं काम करणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. मी मूळची यंत्र अभियंता, गेली काही वर्षं पेटंटचे मसुदे लिहिते. सध्या एका अर्जावर परीक्षकाचा आक्षेप आलाय की शोध सहज सुचण्याजोगा आहे, म्हणून पेटंट देता येत नाही, आणि उत्तर लिहिताना एकाच मुद्द्यापाशी अडून बसलेय. अर्ज प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे गोपनीयतेची काळजी नको. तरी कार्यालय कुठलं, अर्जदार कोण, हे मुद्दाम लिहीत नाही.

वस्तू साधी आहे. गरम पेयाचा थर्मास, झाकणावर बटण, बटण दाबलं की तोटीतून ओतता येतं. अडचण वापरणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे: गरम पेय भरून झाकण लावलं, बाटली हलली की आत दाब धरतो, आणि बटण दाबताक्षणी फुर्रकन उडून बोट भाजतं. आमच्या झाकणात सिलिकॉनची पातळ चकती आहे, तिला मधोमध चीर. दाब जरा वाढला की चीर उघडते, दाब गेला की आपोआप मिटते. चिरेवरून एक नळी निघते आणि तोटीकडे उतरत जाते. वाफ तिथून, बोटापासून लांब, बाहेर पडते.

परीक्षकाने तीन कागद, म्हणजे आधीच प्रसिद्ध झालेले दस्तऐवज, लावलेत. डी-१ म्हणजे बटणाच्या झाकणाचा थर्मास. डी-२ म्हणजे कुकरच्या झाकणावरची झडप. डी-३ म्हणजे पिळून वापरायच्या सॉसच्या बाटलीचं बूच, त्यात चिरेची सिलिकॉन चकती. नळीचा उतार कुठेच नाही, त्याला 'ही रचनेतली साधी निवड आहे' एवढं म्हणून सोडून दिलंय. आणि जोडणीचं कारण? मराठीत सांगायचं तर एवढंच: तिन्ही कागद भांड्यांच्या झाकणांविषयीचे आहेत, सुरक्षितता वाढवण्यासाठी जाणकार व्यक्तीला ते एकत्र करणं सहज सुचलं असतं.

माझ्या उत्तराच्या मसुद्यात लिहिलंय की तिन्हींपैकी एकाही कागदात दुसऱ्याशी जोडण्याची सूचना नाही, सबब आक्षेप मागे घ्यावा. एवढं पुरेल का?

---

जुना_शिक्का

नाही पुरणार. सरळच सांगतो, राग मानू नका.

हे उत्तर एके काळी अमेरिकेत हमखास चालायचं. तिथे अपील न्यायालय, म्हणजे फेडरल सर्किट, अशी कसोटी लावायचं की जुन्या कागदांत शिकवण, सूचना किंवा प्रेरणा यांपैकी काहीतरी दिसलं पाहिजे, तरच जोडणी मान्य. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीएसएम म्हणतात. कसोटीचा हेतू चांगला होता. उत्तर हातात आल्यावर कोडं सोपंच वाटतं. ही पश्चातबुद्धी आवरायला काहीतरी लगाम हवाच होता. पण हळूहळू तिचा विधी झाला. कागदावर वाक्य सापडलं तर जोडणी, नाही सापडलं तर पेटंट.

१९९९ चं डेम्बिझॅक प्रकरण बघा. पालापाचोळा भरायची नारिंगी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर भोपळ्याचा चेहरा छापलेला. भरली की मोठा भोपळा दिसते. परीक्षकाने साध्या कचऱ्याच्या पिशव्या आणि मुलांच्या हस्तकलेच्या पुस्तकातली कागदी पिशवीच्या भोपळ्याची कृती असे कागद जोडले होते. न्यायालय म्हणालं, जोडण्याची प्रेरणा कुठे दाखवलीत? आणि नकार फिरवला. निकाल वाचून हसू येतं, पण त्यातली ताकीद आजही खरी आहे: अर्जदाराचाच अर्ज नकाशासारखा समोर ठेवून जुन्या कागदांतून तुकडे गोळा करू नका.

मग ३० एप्रिल २००७ ला केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्सचा निकाल आला आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ही ताठर कसोटी मोडून काढली. तुमच्या आक्षेपाशी त्याचं नातं जवळचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर पेडल. चालकाच्या उंचीप्रमाणे पुढेमागे सरकणारं पेडल आधीपासून होतं, असानोच्या पेटंटात. इंजिनं इलेक्ट्रॉनिक झाली, तेव्हा पेडल किती दाबलंय हे कळायला सेन्सर लागायला लागला. टेलिफ्लेक्सच्या हातातल्या पेटंटातल्या दाव्याचा गाभा एवढाच की सेन्सर पेडलच्या न हलणाऱ्या कण्यापाशी बसवायचा. आता इतर कागद बघा. एकात, रिक्सनच्या, सेन्सर पायाखालच्या पट्टीत होता आणि पेडल सरकलं की वायर घासून झिजायची. दुसऱ्यात, स्मिथच्या, वायर झिजू नये म्हणून सेन्सर आधाराच्या स्थिर भागावर बसवावा असं सुचवलेलं. फेडरल सर्किट म्हणालं, असानोला वेगळाच प्रश्न सोडवायचा होता, मग त्याच्याकडे कुणी का जाईल? सुप्रीम कोर्ट म्हणालं, अहो, असानोला काय सोडवायचं होतं याच्याशी काय देणंघेणं? सरकत्या पेडलला सेन्सर लावायची गरज बाजारात उभी होती, स्थिर कणा समोर दिसत होता, वायर झिजते हे माहीत होतं. न्या. केनेडी यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालात म्हटलंय की जाणकार माणसाला साधारण कल्पकताही असते, तो यंत्रमानव नव्हे. कोड्याचे तुकडे जुळवावेत तसे तो अनेक कागदांतले तुकडे जुळवू शकतो.

म्हणून 'सूचना कुठे आहे' एवढंच विचारलंत तर परीक्षक केएसआरकडे बोट दाखवून मोकळा होईल. तुम्ही विचारायला हवं, 'कारण कुठे आहे'.

---

काठावरचा

मी या क्षेत्रातला नाही, नुसता वाचक आहे. हा 'जाणकार' नक्की कोण? शोधकर्ता स्वतः जाणकार नसतो का? आणि सूचना वेगळी, कारण वेगळं, हे शब्दांचे खेळ वाटताहेत.

---

जुना_शिक्का

जाणकार म्हणजे कायद्याने कल्पिलेला माणूस. त्या क्षेत्रातलं सगळं प्रसिद्ध साहित्य त्याच्यासमोर आहे, हात बऱ्यापैकी चालतो, पण प्रतिभेची झेप नाही. खरा शोधकर्ता याच्याहून हुशार असेल किंवा कमीही असेल, त्याने फरक पडत नाही.

सूचना आणि कारण यांतला फरक मात्र शब्दांचा नाही. सूचना कागदात छापलेली असावी लागते. कारण कुठूनही येऊ शकतं: बाजारातली गरज, सर्वांना ठाऊक असलेली अडचण, त्या धंद्यातलं सामान्य ज्ञान. पण ते सांगावं लागतं आणि ते त्या जोडणीचं कारण असावं लागतं. २००६ च्या कान प्रकरणातलं सूत्र केएसआरने उचलून धरलं: नुसते निष्कर्षवजा शब्द चालणार नाहीत, बुद्धीला पटेल असा आधार असलेला तर्क शब्दांत मांडला पाहिजे. परीक्षकाच्या बाजूने दार उघडलं ते केएसआरनेच, आणि त्या दाराला उंबरठा ठेवला तोही केएसआरनेच. वकील मंडळी आपापल्या सोयीने अर्धाच निकाल वाचतात.

---

लाल_शाई

मी काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय. कुठल्या कार्यालयात ते जाऊ द्या. 'सुरक्षितता वाढवण्यासाठी' हे वाक्य कसं तयार होतं ते सांगतो.

परीक्षक आधी क्लेम, म्हणजे अर्जदार नेमकं कशावर हक्क सांगतोय तो दावा, वाचतो, मग शोध घेतो. शोध क्लेमच्याच शब्दांनी घ्यावा लागतो, दुसरा मार्ग नाही. म्हणजे पश्चातबुद्धी पहिल्याच मिनिटाला आत शिरलेली असते. थर्मास सापडला, झडप सापडली, चीर सापडली. वेळ मोजका. शेवटी उरतो परिच्छेदातला तो एक रिकामा चौकोन: जोडायचं का? तिथे मी स्वतः 'कार्यक्षमता वाढवण्यासाठी', 'खर्च कमी करण्यासाठी', 'वापरसुलभतेसाठी' असली वाक्यं टाकलेली आहेत. ही कारणं जगातल्या कुठल्याही जोडणीला लागू पडतात, तोच त्यांचा दोष. २०१२ च्या अ‍ॅक्टिव्हव्हिडिओ विरुद्ध व्हेरायझनमध्ये फेडरल सर्किटने नेमकं हेच पकडलं होतं. तज्ज्ञाचं म्हणणं थोडक्यात असं की अभियंत्याला काहीतरी चांगलं बनवायचं असतं म्हणून तो जोडेल. न्यायालय म्हणालं, हे सरधोपट आहे, या क्लेमशी याचा संबंध काय?

पण एक ऐका. उत्तरात माझ्या वाक्याला नावं ठेवणारे अर्जदार मला रोज भेटायचे. मी पुढच्या पत्रात वाक्य सुधारून पाठवायचो, आक्षेप तोच. माझा हात थांबवायचे ते वेगळे. ते दाखवायचे की 'साहेब, तुम्ही सांगता तसं खरंच जोडलं तर काय होतं ते बघा', आणि डी-१ मोडून पडलेलं असायचं.

तिरपी_नळी, तुम्ही हे केलंय का? कुकरची झडप उचलून थर्मासवर बसवून पाहा. काय होतं?

---

तिरपी_नळी

बापरे, हे मी केलंच नव्हतं. आता करते.

कुकरची झडप दाब *धरून ठेवण्यासाठी* असते. वजनाची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १०० किलोपास्कल जास्त दाब झाल्यावर उचलते. तशी झडप थर्मासला लावली तर दाब तिथपर्यंत चढू देईल. म्हणजे बोट भाजायचं ते भाजणारच, वर 'सुरक्षा झडप' लावल्याचं समाधान. आमचं काम उलटं आहे. बाटली पिशवीत आडवी पडली तर पेय गळता कामा नये. २० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे २ किलोपास्कल, तेवढा चिरेने पेलला पाहिजे. त्यावर मात्र लगेच उघडली पाहिजे. कुकर आणि आमच्यात पन्नासपट अंतर आहे.

शिवाय डी-१ मध्ये एक वाक्य मिळालं: झाकण कुठल्याही स्थितीत पूर्ण बंद राहावं, त्यात बटणाखेरीज दुसरं छिद्र नसावं. म्हणजे डी-१ आमच्या रस्त्यापासून लांब जायलाच सांगतंय!

---

जुना_शिक्का

आता गाडी रुळावर आली. जोडणीने मूळ यंत्र आपल्या कामालाच निकामी होत असेल तर जोडायला कारण उरत नाही. १९८४ चं गॉर्डन प्रकरण वाचा. रक्त गाळायचं उपकरण होतं. जुना कागद पेट्रोलसारख्या हलक्या तेलातली घाण आणि पाणी काढायच्या गाळणीचा. परीक्षकाचं म्हणणं, ती उलटी धरली की झालं तुमचं उपकरण. न्यायालय म्हणालं, उलटी धरली तर ती तिच्या कामाची राहतच नाही, मग उलटी धरावी असं कुणाला का सुचेल?

आणि 'लांब जायला सांगणं' याचं जुनं ठळक उदाहरण १९६६ चं अ‍ॅडम्स. मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडची बॅटरी, पाणी घातलं की चालू होणारी. दोन्ही पदार्थ बॅटरीत वापरलेले माहीत होते. पण त्या काळचं ज्ञान सांगत होतं की असली जोडी टाळा, आणि सरकारी तज्ज्ञांचा आधी विश्वासच बसला नव्हता. पेटंट टिकलं.

तुमचं डी-१ मधलं वाक्य मात्र जपून वापरा. 'छिद्र नसावं' हे गळतीसाठी लिहिलंय. गळतीवर दुसरा उपाय सापडला तर ती मनाई आपोआप सैल पडते. नुसती नापसंती म्हणजे मनाई नव्हे.

---

उलट_तपासणी

सगळे कुकरवर तुटून पडलेत म्हणून विरुद्ध बाजू घेतो. कुणीतरी घ्यायलाच हवी.

पहिलं. कुकरची झडप जशीच्या तशी उचलून बसवा असं परीक्षक म्हणतच नाही. तो म्हणतो, झाकणातून जास्तीचा दाब सोडायची *कल्पना* डी-२ मधून घ्या. किती दाबाला उघडायची हे जाणकार ठरवेल, तो यंत्रमानव नाही. सुटे भाग शारीरिकरीत्या एकमेकांत बसलेच पाहिजेत असा नियम कुठेच नाही.

दुसरं आणि खरं. तुमचा शत्रू डी-२ नाहीच, तो डी-३ आहे. सॉसची बाटली उलटी ठेवली तरी गळत नाही, हलकंसं दाबलं की चीर उघडते, सोडलं की मिटते. तुम्ही आत्ताच लिहिलंत ना, '२ किलोपास्कल पेलायचे आणि त्यावर लगेच उघडायचं'? मला तर ते सॉसच्या बुचाचंच वर्णन वाटलं. डी-१ चा 'गळू नये' हा हट्ट आणि डी-३ ची चीर यांत भांडण नाही, उलट डी-३ हाच तो 'दुसरा उपाय'. गरम बाटलीत दाब होतो ही अडचण सगळ्यांना माहीत, ती सोडवायला दाब सोडायचा हे कुकर शिकवतो, न गळता सोडायचा कसा हे बूच शिकवतं. आता सांगा, यात पश्चातबुद्धी कुठे आहे?

आणि तीन कागद लागले म्हणून शोध मोठा, हाही गैरसमज काढून टाका. १९९१ च्या गॉर्मन प्रकरणात अंगठ्याच्या आकाराच्या लॉलीपॉपवर १३ कागद लावले होते आणि नकार कायम राहिला.

---

काठावरचा

लॉलीपॉपला १३ कागद!! धागा वाचनखुणेत टाकला.

---

अर्धा_पेच

युरोपच्या पद्धतीने पाहिलं तर इथला गोंधळ थोडा सुटतो, म्हणून मध्ये तोंड घालते.

तिथे युरोपियन पेटंट कराराच्या कलम ५६ खाली आधी सर्वांत जवळचा जुना कागद निवडतात, इथे डी-१. मग क्लेम आणि डी-१ यांतला फरक काढतात. त्या फरकाने *प्रत्यक्षात काय साधलं*, त्यावरून प्रश्न मांडतात. मग विचारतात, हा प्रश्न घेऊन बसलेला जाणकार डी-३ कडे वळला असता का? वळू *शकला* असता का, असं विचारत नाहीत. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाच्या १९८४ च्या टी २/८३ निर्णयापासून हा 'शकला असता की केलंच असतं' भेद तिथल्या रोजच्या बोलण्यात आहे. ते प्रकरण पोटाच्या गोळीचं होतं, दोन औषधांच्या मध्ये अडथळ्याचा थर. असा थर घालणं जाणकाराला जमलं असतं यात वाद नव्हता. पण काही सुधारणा होईल या अपेक्षेने त्याने तो घातला असता का, हा सवाल होता.

दुसरी गोष्ट अशी की फरक एकापेक्षा जास्त असतील तर ते एकमेकांना काही मदत करतात की नुसते शेजारी बसलेत, हे पाहतात. शेजारी बसले असतील तर प्रत्येकाचा निकाल वेगळा लावायचा, आणि मग एकेकाला एकेक कागद लावून दोन्ही पाडणं अगदी सोपं. इंग्लंडात यासाठी सॉसेजच्या यंत्राचा दाखला देतात, १८९० चा विल्यम्स विरुद्ध नाय. मांस बारीक करायचं यंत्र आणि ते भरायचं यंत्र एकाला एक जोडली. दोन्ही आपापलं जुनंच काम करत राहिली. पेटंट टिकलं नाही.

तेव्हा तिरपी_नळी, चीर आणि उतरती नळी: ही तुमची दोन यंत्रं शेजारी आहेत की एकमेकांच्या कामात हात घालतात? आत्ताच्या वर्णनात चीर दाब सोडते, नळी वाफ लांब नेते. मला तरी हे शेजारी वाटताहेत. आणि तसंच असेल तर 'साधी निवड' हे परीक्षकाचं म्हणणं वाईट नाही.

---

तिरपी_नळी

दोन दिवस गप्प होते. उलट_तपासणी यांच्या प्रतिसादाने झोप उडवली आणि अर्धा_पेच यांच्या प्रश्नाने कामाला लावलं.

शोधकर्त्याला फोन केला. विचारलं, नळीला उतार का दिला? नुसती आडवी का नाही? तो म्हणाला, "ताई, पहिल्या नमुन्यात आडवीच होती. वाफ नळीत थंड व्हायची, थेंब चिरेवर येऊन बसायचा. ओली चीर चिकटते. मग उघडायला जास्त दाब लागायचा, आणि दर वेळी वेगळा. कधी उघडायची, कधी थुंकायची. उतार दिला, थेंब तोटीकडे निघून गेला, चीर कोरडी राहिली." त्याच्या वहीत दोन्ही नमुन्यांचे आकडे तारखेनिशी आहेत.

म्हणजे उतार वाफ लांब नेण्यासाठी नाहीच, तो चिरेसाठी आहे! आणि मसुदा लिहिणारी शहाणी मी. वर्णनात 'उतारामुळे झडपेच्या तोंडाशी पाणी साचत नाही' असं एक वाक्य लिहून पुढे गेले. का साचू नये, ते लिहिलंच नाही.

आता डी-३ कडे पुन्हा पाहिलं. सॉसच्या बुचाची चीर ओलीच असते, सतत. तिथे काही बिघडत नाही, कारण माणूस हाताने दाबतो. थोडं जास्त दाबावं लागलं तर दाबतो. आमच्याकडे दाबणारं कुणी नाही. थोड्याशा दाबाला चीर आपली आपण, दर वेळी तेवढ्यालाच उघडायला हवी. म्हणून ओली चीर ही अडचण डी-३ मध्ये कधी जाणवतच नाही. ज्याला अडचण दिसत नाही तो उतार का देईल?

---

लाल_शाई

हे मला पाठवलं असतंत तर मी चहा बाजूला ठेवून वाचलं असतं.

व्यवहाराचं सांगतो. क्लेम १ जसा आहे तसा वाचवायच्या नादी लागू नका, तो उलट_तपासणी यांनी पाडलाय. उतार चिरेच्या कडेपासूनच सुरू होतो आणि साठलेलं पाणी चिरेपासून दूर वाहतं, हे क्लेममध्ये आणा. वर्णनातलं ते एक वाक्य आणि आकृतीतला उतार हाच तुमचा आधार. त्यापलीकडचा एक शब्दही घुसवू नका, नाहीतर मूळ अर्जात नसलेला मजकूर म्हणून नवा आक्षेप येईल. वहीतले आकडे शपथपत्रावर द्या. आणि त्यात तुलना आडव्या नळीशी असू द्या, नुसत्या डी-१ शी नको. परीक्षक उताराला 'निवड' म्हणतोय, तेव्हा आडवी आणि उतरती यांत फरक पडतो हेच दाखवायचंय.

---

उलट_तपासणी

मीही आता बरीच माघार घेतो, पण एक टाचणी टोचून. चीर ओली झाली की चिकटते, हे सिलिकॉनच्या झडपा बनवणाऱ्याला आधीपासून ठाऊक असेल तर? मग अडचणही माहीत आणि पाणी उताराने वाहतं हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. परीक्षक पुढच्या पत्रात डी-४ काढेल.

---

जुना_शिक्का

काढू दे की. कागद काढून दाखवणं हेच तर त्याचं काम. नाही काढला आणि नुसतं 'सामान्य ज्ञान' म्हणाला तर त्याला विचारता येतं. २०१६ च्या अरेंडी विरुद्ध अ‍ॅपलमध्ये फेडरल सर्किटने बजावलंय की क्लेममधला हरवलेला घटक, तोही महत्त्वाचा, सामान्य ज्ञानाच्या नावाखाली भरून काढायचा तर पुरावा आणि तर्क दोन्ही हवेत. सामान्य ज्ञान हा पुराव्याला पर्याय नाही.

आणि कुणी विचारायच्या आत भारताचंही सांगून टाकतो. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये 'शोधाची पायरी' म्हणजे तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि वर जाणकाराला उघड नसणं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात, ते भांडी कातायच्या लेथवरच्या धारकाचं होतं, सांगितलंय की ज्ञात गोष्टींची कल्पकता नसलेली नुसती जुळवाजुळव पेटंटला पात्र नाही. कलम ३(एफ) तीच गोष्ट ज्ञात साधनांच्या नुसत्या मांडणीबद्दल, फेरमांडणीबद्दल म्हणतं, जर प्रत्येक साधन आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत असेल तर. 'स्वतंत्रपणे' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. अर्धा_पेच यांचा शेजाऱ्यांचा मुद्दा तोच. आणि कारणाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा अ‍ॅग्रीबोर्ड निकाल पाहा. जुन्या कागदात काय आहे, अर्जातला शोध काय आहे, आणि पहिल्यावरून दुसरा जाणकाराला *कसा* उघड ठरतो, या तिन्हींचा विचार आदेशात दिसलाच पाहिजे. नुसतं 'उघड आहे' लिहून भागत नाही.

---

अर्धा_पेच

+१. आणि उत्तरात 'पश्चातबुद्धी' हा शब्द एकदाच वापरा, शेवटाकडे. पहिल्या ओळीत तो आला की वाचणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे दुसरं काही नाही.

---

तिरपी_नळी

नवा मसुदा. गाभ्याचा परिच्छेद इथे टाकते, फाडा:

"डी-१ च्या झाकणाला डी-३ ची चीर लावण्यास जाणकारास कारण होते असे वादापुरते मान्य केले, तरी त्या जोडणीत चिरेवर साठणाऱ्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. डी-३ मध्ये चीर नेहमी ओली असूनही अडचण नाही, कारण ती हाताच्या दाबाने उघडते. डी-२ मधील झडप वजनाची असून तिला चीरच नाही. म्हणजे ही अडचण जोडणीनंतरच जन्माला येते आणि तिन्हींपैकी कोणताही दस्तऐवज ती ओळखत नाही. उताराची नळी चीर कोरडी ठेवते व त्यामुळे ती दर वेळी जवळपास एकाच दाबाला उघडते (शपथपत्र, तक्ता १). अशा स्थितीत उतार ही निव्वळ निवड म्हणता येत नाही."

---

लाल_शाई

'वादापुरते मान्य केले' हे उत्तम. पण 'कोणताही दस्तऐवज ओळखत नाही' पाठवण्याआधी डी-२ शेवटपर्यंत वाचलंय ना? कुकरवाले लोक थेंबांबद्दल बरंच लिहितात.

---

तिरपी_नळी

वाचलं. पान ७ वर झाकणाच्या आतल्या बाजूला साठणाऱ्या थेंबांबद्दल एक वाक्य आहे. तिथे ते थेंब अन्नात परत पडावेत म्हणून झाकणाला बाक दिलाय. झडपेशी संबंध नाही, पण परीक्षकाला सापडायच्या आत मीच उत्तरात उल्लेख करून फरक सांगितला. धन्यवाद, हे माझ्या नजरेतून सुटलंच असतं.

---

तिरपी_नळी

बऱ्याच महिन्यांनी धागा वर आणतेय. पुढचं पत्र आलं. परीक्षकाने खरंच डी-४ काढलं: दमट हवेत वापरायच्या नळ्यांमधल्या पाणी-सापळ्याचा कागद, त्यात उतार आहे, चीर नाही. या वेळी कारण मात्र अर्धं पान लिहिलंय, आणि खरं सांगू का, चांगलं लिहिलंय. परीक्षकाशी समोरासमोर बोलायला मुलाखतीची वेळ घेतलीय. शोधकर्ता दोन्ही नमुने घेऊन बसणार आहे, आडव्या नळीचा आणि उतरत्या नळीचा.

---

उलट_तपासणी

मी टाचणी टोचली तेव्हा सगळे हसले होते. :)

डी-४ मधली नळी नेमकी कशाला जोडलेली आहे ते इथे टाका, मग पुढचं बोलू.